चीनमुळे आली, रशियामुळे गेली

ऑक्टोबर लागला की आमच्या संत तुकाराम नगरात संध्याकाळी सातवीण फुलते. पुस्तकांत तिला सप्तपर्णी म्हणतात. नाव सुंदर आहे, वास मात्र सोसायला अवघड. गोड, जड, कुणाला न विचारता घरात शिरणारा. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो आणि मधल्या या दिवसांत हवा जागच्या जागी उभी राहते. दुपारी डांबर तापतं, मेट्रोच्या खांबांवर धूळ बसते आणि कॉलेजात सत्र परीक्षेची गडबड सुरू होते. मी राज्यशास्त्र शिकवते. इतकी वर्षं शिकवतेय की घसा बसला की कॅलेंडर न बघता कळतं, अभ्यासक्रम संपत आला.

यंदा तो वास पहिल्यांदा आला तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली. विलास, माझा नवरा, समोर पेपर वाचत बसला होता. त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. खोलीत उकडत होतं. गेल्या ऑक्टोबरबद्दल बोलायचं नाही असं आम्ही ठरवलेलं नाही. विषय निघत नाही, इतकंच.

विलास चाकणला पितळेचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत प्रॉडक्शन बघतो. कंपनीची बस सकाळी भोसरी, मोशी करत पुणे-नाशिक रस्त्याच्या गर्दीतून रांगत जाते आणि संध्याकाळी तशीच रांगत परत येते. घरी आला की त्याच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास असतो. माझं कॉलेज पिंपरीतच, चालत जाण्यासारखं. त्याचा धंदा पितळेचा आणि माझा शब्दांचा, असं आम्ही एकमेकांना चिडवत आलो. एकाचं काम दुसऱ्याच्या घरात यायचं काही कारण नव्हतं.

शेवटच्या वर्षाला माझ्याकडे एक धडा असतो. महासत्ता एखाद्या प्रदेशात कशी वागते आणि तिच्या त्या वागण्याला तिचे प्रतिस्पर्धी कसा आकार देतात. मी मुलांना सांगते, अमेरिका दक्षिण आशियाकडे बघते तेव्हा आपल्याला वाटतं ती आपल्याकडे बघतेय. तसं फार क्वचित घडलंय. तिची नजर आपल्यावरून पुढे जाते आणि पलीकडे जो उभा असेल त्याच्यावर थांबते. एके काळी पलीकडे सोव्हिएत रशिया होता, म्हणून पाकिस्तानला शस्त्रं मिळाली. पुढे रशियाला शह द्यायला चीनशी बोलणी करायची होती, आणि चीनकडे जायची वाट पाकिस्तानातून होती, म्हणून पूर्व बंगालात माणसं मरत असताना वॉशिंग्टनने मान फिरवली. रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात उतरलं तेव्हा हा सगळा टापू एकदम महत्त्वाचा झाला, आणि ते सैन्य परत गेल्यावर तितक्याच झटकन विसरला गेला. आता पलीकडे चीन उभा आहे, म्हणून आपण जवळचे झालो. हे मी इतक्यांदा बोललेय की वाक्यं आपोआप तोंडात येतात. मुलं 'कारणे' आणि 'परिणाम' असे मथळे टाकून उतरवून घेतात, आणि बाहेर जाऊन चहा पितात.

गेल्या वर्षी एका मोठ्या ऑर्डरची बातमी विलासने घरी सांगितली तेव्हा मी कणीक मळत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तुझ्या त्या धड्यातलं काहीतरी आमच्या कंपनीत येऊन पडलंय."

अमेरिकेतल्या एका मोठ्या पंपवाल्याला मुठीएवढा पितळी व्हॉल्व्ह लागत होता. आजवर तो चीनमधून जायचा. चिनी मालावर तिकडे कर वाढत गेले, चीनवर अवलंबून राहायचं नाही असं धोरणच ठरलं, आणि तो खरेदीदार दुसरा देश शोधत शोधत चाकणला आला. विलास त्या दिवसांत वेगळाच माणूस झाला होता. नवी लाइन, नवी शेड, मशीनच्या पायाचं काँक्रीट. माणसंही त्याने स्वतः पारखून घेतली. कॉन्ट्रॅक्टवरचीच, पण लाइन स्थिर झाली की पर्मनंट करायचं, असा शब्द त्याने मालकांकडून घेतला होता. गंमत अशी की माल तपासायचं मुख्य मशीन चीनमधूनच आणावं लागलं, कारण त्या कामाचं तसं मशीन दुसरीकडे वेळेत मिळेना. चीनला टाळण्यासाठी आलेलं काम चिनी मशीनवर होणार, यावर आम्ही दोघं त्या रात्री जेवताना हसलो. मशीन आलं, खोक्यांत पडून राहिलं. ते बसवायला येणाऱ्या चिनी इंजिनिअरचा व्हिसा अडकला होता. आपलं आणि चीनचं सरहद्दीवर बिनसलेलं, त्यामुळे अशा लोकांना परवानगी लवकर मिळत नसे. तोवर तपासणी हातानेच चालली. काम सावकाश होई, पण माल जायला लागला.

सुनंदा त्याच लाइनवर होती, हे मला नंतर कळलं. ती माझ्या संध्याकाळच्या वर्गात यायची. आमच्याकडे नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळची तुकडी आहे. शिफ्ट सुटली की मुलं-मुली गणवेशातच येतात, मागच्या बाकांवर बसतात, पंख्याखाली जागा धरतात. सुनंदा बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, सत्तावीस-अठ्ठावीसची. नवरा टेम्पो चालवायचा. लहान मुलगी गावाकडे सासूपाशी होती. एकदा तिच्या शर्टाच्या खिशावर विलासच्या कंपनीचं नाव दिसलं म्हणून मी विलासचं नाव घेऊन विचारलं, तर हसली.

"सर म्हणजे तुमचे मिस्टर का? आम्हाला म्हाईतच नव्हतं की. लई शिस्तीचे हायेत."

"घरी नाहीत तेवढे," मी म्हटलं.

पर्मनंट झाले की मुलीला इकडे आणायचं, इथल्या शाळेत घालायचं, हे ती दर दोन-चार दिवसांनी काही निमित्त नसतानाही सांगायची. "दिवाळी झाली की आणतेच बघा मॅडम." तिची मैत्रीण तिला या वाक्यावरून चिडवायची. त्या पावसाळ्यात चाकणजवळच्या म्हाळुंग्याच्या खोल्यांमधून येणारी तिच्या लाइनवरची ही मुलं वर्गात एकदम मोकळी झाली होती. त्यांच्या हातून बनलेली वस्तू समुद्रापलीकडे जाते, याचा त्यांना अभिमान वाटत होता आणि तो मला बघायला आवडायचा.

मग पावसाळा सरता सरता अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर बसवला. पहिला कर व्यापाराच्या भांडणाचा होता. त्यावर आणखी एक चढवला तो आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. रशिया युक्रेनमध्ये लढत होता, त्याला पैसा मिळू नये यासाठी त्याचं तेल घेणाऱ्याला दाबायचं, असा तो हिशेब. वर्गात मी हे नेहमीच्या आवाजात समजावून सांगितलं. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, चीन पण घेतोय ना तेल? मग त्याला का नाही?" मी सांगितलं की चीन मोठा आहे, उलट दाबू शकतो, त्याच्याकडची खनिजं अडली तर अमेरिकेतले कारखाने अडतात. मोठा प्रतिस्पर्धी सांभाळून घ्यावा लागतो; मधल्याला समज दिली जाते. उत्तर बरोबर होतं. ते देऊन झाल्यावर मी फळ्याकडे वळले आणि पुढचा मथळा लिहिला.

विलास त्याच आठवड्यात एका संध्याकाळी लवकर घरी आला. बूट न काढताच खुर्चीवर बसला. सातवीण तेव्हा नुकती फुलायला लागली होती.

"होल्ड," तो म्हणाला. "ऑर्डर होल्डवर टाकलीय. त्यांचा माणूस फोनवर फार चांगलं बोलला. मालाबद्दल तक्रार नाही म्हणाला."

"म्हणजे कर उतरला की परत सुरू होईल."

"होल्ड म्हणजे गेली गं. तो थांबणार आहे का? त्याला पंप विकायचेत." मग थोड्या वेळाने, बुटाची नाडी सोडत म्हणाला, "चीनमुळे आली, रशियामुळे गेली. आपण काय केलं यात? नीट माल बनवला, तेवढंच."

मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. माझा विषयच होता तो. पण मी चहा टाकला.

लाइन बंद झाली की कॉन्ट्रॅक्टच्या माणसांना ब्रेक देतात. आमच्या या पट्ट्यात सगळ्यांना तो शब्द माहीत आहे. ब्रेक म्हणजे उद्यापासून येऊ नका. कॉन्ट्रॅक्टर एक मेसेज टाकतो आणि काम होतं. विलास म्हणाला, "मी निवडलीत ती माणसं. मेसेजवर नाही कळवायचं." मालक म्हणाले, तुझी मर्जी. मग रविवारी सकाळी तो निघाला. मी बरोबर गेले. तो नको म्हणाला नाही.

म्हाळुंग्यात कंपन्यांच्या मागे चाळीसारख्या खोल्यांच्या रांगा आहेत. गॅलरीत निळे-करडे गणवेश वाळत घातलेले, खाली दुचाक्या, एका नळापाशी बादल्या. लाइनवरची बहुतेक माणसं एकाच जागेत भाड्याने राहत होती. खोल्यांचे मालक तात्या बाहेर खाटेवर बसले होते. इथलेच जुने शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशातून या खोल्या बांधल्या. विलासने एकेका दारात जाऊन सांगितलं. मला बाहेरून त्याचा आवाज येत होता, प्रत्येक दारात तीच वाक्यं, आणि प्रत्येक दारात ती थोडी अधिक हळू. कुणी भांडलं नाही. एक जण म्हणाला, "दिवाळीच्या तोंडावर का राव सर?" आणि बादली उचलून नळाकडे गेला.

तात्यांनी मला खाटेवर जागा करून दिली. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "अमेरिकेचं अन् रशियाचं भांडान हाय म्हणता. मंग आमच्या रूमी का रिकाम्या व्हायच्या?"

मी सांगायला सुरुवात केली. तेल, कर, युक्रेन. त्यांनी थोडं ऐकलं. मग हात हलवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. आमी ऐकून काय करणार? तुमी च्या घ्या." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जमीन गेली तेव्हाही त्यांना कुणीतरी असंच बराच वेळ समजावलं असणार.

सुनंदाची खोली रांगेच्या टोकाला होती. नवरा टेम्पो घेऊन गेला होता. आम्हाला दारात बघून ती गडबडली, पलंगावरची चादर सारखी केली. भिंतीवर मुलीचा फोटो होता, शाळेच्या ड्रेसवर काढलेला. ड्रेस मोठा, मुलगी त्यात बुडालेली. ड्रेस इथल्या शाळेचा होता. तिने आधीच घेऊन ठेवला होता आणि दसऱ्याला गावी नेऊन एकदा अंगावर चढवून बघितला होता. विलासला ते माहीत नव्हतं. त्याने उभ्यानेच सांगून टाकलं. ती ऐकत राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"बरं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "सर, तुमचं काय मग? तुमाला तर काही नाही ना केलं?"

विलासने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "माझं ठीक आहे," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर चाकण चौकात कंटेनरांच्या मागे आम्ही अडकून पडलो. काचेवर ऊन तापत होतं. तो म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." पुढच्या कंटेनरवर कुठल्याशा बंदराचं नाव लिहिलेलं होतं, आणि तो इंचभरही हलत नव्हता.

परीक्षेला सुनंदा येणार नाही असं मी धरून चालले होते. खोली सोडून गावी गेली असेल. पण ती आली, गणवेशाऐवजी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. मी त्याच हॉलमध्ये पर्यवेक्षणाला होते. प्रश्नपत्रिका वाटल्या आणि माझी नजर प्रश्नावर गेली. प्रतिस्पर्धी सत्तांमुळे महासत्तेचं प्रादेशिक धोरण कसं घडतं, उदाहरणांसह स्पष्ट करा. सुनंदाने तो वाचला. पेन बाकावर ठेवलं. खिडकीबाहेर थोडा वेळ बघत राहिली, आणि मग खाली वाकून लिहायला लागली ती वेळ संपेपर्यंत थांबली नाही.

बाहेर पडल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. विचारलं, काय लिहिलंस?

"तुम्ही सांगितलेलं सगळं लिहिलं की मॅडम. पाकिस्तान, अफगाणिस्तान, बंगाल." तिने प्रश्नपत्रिकेची घडी घातली. "आपलं चाकणचं लिहावं वाटलं होतं. पण म्हणलं, त्याला मार्क कोण देणार?"

तिचं बरोबर होतं. पेपर माझ्याकडे तपासायला आला असता तरी तपासणीच्या नियमांत चाकणला जागा नव्हती. ती पास झाली. त्या विषयात बेताचेच गुण मिळाले. दिवाळीनंतर ती गावी गेली, आणि काही महिन्यांनी तळेगावच्या एका कारखान्यात लागली, पॅकिंगला, पुन्हा कॉन्ट्रॅक्टवर. परवा फोन आला होता. मुलीला यंदा आणलंय म्हणाली. शाळा दुसरी मिळाली, ड्रेस वेगळ्या रंगाचा, त्यामुळे नवीन घ्यावा लागला. राहिलेलं शेवटचं सत्र देणार का, असं मी विचारलं. "आता होत नाही मॅडम," ती म्हणाली. तिचा आवाज दुःखी नव्हता, दमलेला होता. मागे मुलगी काहीतरी मागत होती.

दरम्यान आपलं आणि अमेरिकेचं जमलं आणि कर उतरले. टीव्हीवर माणसं हसत हात मिळवत होती. विलासने अमेरिकेतल्या त्या माणसाला फोन लावला. तो आताही फार चांगलं बोलला. पण त्याचा माल तोवर व्हिएतनामहून यायला लागला होता. माझ्या धड्यात आता एक परिच्छेद वाढेल. पुस्तक लिहिणारे लिहितील की अमुक काळात संबंध ताणले गेले आणि नंतर पूर्ववत झाले. पूर्ववत हा शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेन. तो लिहिताना आता खडू अडखळतो. धोरण परत फिरू शकतं. खोली सोडून गेलेली माणसं परत त्याच खोलीत येत नाहीत, शेडमध्ये साचलेल्या शांततेतून त्याच हातांची लाइन पुन्हा उभी राहत नाही.

पण सगळ्यात जास्त मला आठवतो तो यंदाच्या मे महिन्यातला एक रविवार. चीनशी आपलं जरा सुधारलं होतं, विमानं सुरू झाली होती, आणि तो अडकलेला इंजिनिअर अखेर मशीन बसवायला आला. ऑर्डर नव्हती, पण मशीन तर होतं. मालक म्हणाले, बसवून घेऊ, इथल्या कुठल्यातरी कामाला येईल. त्याचं नाव चेन. पन्नाशीचा, बारीक, केस विरळ झालेले. आठवडाभर विलास आणि तो शेडमध्ये खोकी उघडत होते. हॉटेलचं जेवण त्याला सोसेना, म्हणून विलासने त्याला दुपारी घरी जेवायला आणलं.

मी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि कमी तिखटाची कोशिंबीर केली होती. चेनने बूट दाराबाहेर व्यवस्थित जोडून ठेवले. भाषेची अडचण होती, म्हणून त्याने आपला फोन टेबलाच्या मध्ये, वरणाच्या भांड्याशेजारी ठेवला. तो त्याच्या भाषेत बोलायचा, आणि फोनमधली बाई ते हिंदीत सांगायची. आम्ही हिंदीत बोलायचो आणि ती त्याला चिनीत सांगायची. भात आवडला, म्हणाला. त्याच्याकडेही असाच मऊ करतात. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात आहे, क्वचित घरी येते. उन्हाचं विचारलं, गुडघेदुखीचं विचारलं. दोन्ही पुरुषांना एकच गुडघा त्रास देत होता, उजवा.

मग विलासने, काय वाटलं कुणास ठाऊक, आतून एक व्हॉल्व्ह आणून त्याच्यासमोर ठेवला. मशीन यासाठी मागवलं होतं, असं त्याला सांगायचं असेल. चेनने हात पुसले, व्हॉल्व्ह उचलला, उजेडाकडे धरला. अंगठा कडेवरून फिरवला. मग फोनकडे वाकून थोडंसंच बोलला.

फोनमधली बाई म्हणाली, "मेरी पत्नी यही बनाती थी."

पुढचं त्याने तुटक तुटक सांगितलं. त्यांच्या गावात हेच व्हॉल्व्ह करणारा कारखाना होता. बायको तिथे खूप वर्षं होती. तपासणीवर. अमेरिकेची ऑर्डर बंद झाली, कुठल्यातरी दुसऱ्या देशात गेली असं त्यांना कळलं होतं. कुठे ते कुणी सांगितलं नाही. कारखान्याला कुलूप लागलं. आता ती घरीच असते.

विलास माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे. मी या माणसाच्या देशाबद्दल वर्गात किती बोलले होते. प्रतिस्पर्धी सत्ता, पलीकडे उभा असलेला. तो माझ्या टेबलापाशी बसला होता, शर्टाच्या बाहीला तेलाचा डाग, आणि तेल तेच होतं, विलासच्या शर्टाला असतं ते. चेनने व्हॉल्व्ह खाली ठेवला, आवाज होणार नाही इतक्या हळू. त्याने कुणाला दोष दिला नाही. विलासनेही स्वतःची बाजू मांडली नाही. त्याने डाव उचलून चेनच्या ताटात आणखी थोडा भात वाढला, त्यावर वरण घातलं. चेनने मान खाली घालून तो खायला सुरुवात केली.

टेबलाच्या मध्ये फोन चालूच होता. कुणीतरी बोलेल म्हणून पडद्यावरची छोटी निळी रेघ थरथरत राहिली. पंख्याचा आवाज तिला ऐकू येत असावा. आम्ही तिघं जेवत होतो.